सेंद्रिय साडू

बायको आपण पसंत करतो, निदान तसं आपल्याला वाटू दिलं जातं. मेहुणीचा नवरा मेहुणी पसंत करते. या दोन वेगळ्या व्यवहारांचा परिणाम म्हणून दोन परके पुरुष उरलेलं आयुष्य एकाच सासऱ्याच्या घरी, एकाच पंगतीत, मांडीला मांडी लावून जेवतात. साडूसाडूंत भांडण सहसा होत नाही, कारण भांडायला सामायिक इस्टेट नसते. तुलना मात्र होते. ती साडू करत नाहीत. परतीच्या वाटेवर, गाडीच्या काचा वर करून, दोघी बहिणी आपापल्या नवऱ्यापुढे करतात.

आमच्या साडूंशी तुलना करणं अवघड आहे, कारण ते सेंद्रिय आहेत.

खाण्यापिण्यात सेंद्रिय झालेली माणसं आता घरोघरी सापडतात. त्यांचा उपद्रव जेवणापुरता. नाचणीचा पिझ्झा एकदा गिळला की सुटका होते. आमचे साडू घरसामानात सेंद्रिय झाले आहेत, त्यामुळे त्यांच्याकडे नुसतं टेकायला जाणंही सोपं राहिलेलं नाही. जन्म पेठेतल्या वाड्यात, नोकरी हिंजवडीत आणि बिऱ्हाड बाणेरला आठव्या मजल्यावर. अंगात कायम लिननचा सुरकुतलेला सदरा. लिननला इस्त्री करायची नसते, सुरकुत्या हाच त्याचा स्वभाव, असं साडू म्हणतात. आमचा आधीचा इस्त्रीवालाही साधारण असंच म्हणायचा, म्हणून आम्ही तो बदलला.

त्यांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला चरित्र आहे आणि ते ऐकल्याशिवाय ती वापरता येत नाही. सुरुवात पायपुसण्यापासूनच होते. "साडूभाऊ, हे अलप्पुळाच्या काथ्याचं बरं का. सोडणं महिनोन्‌महिने पाण्यात कुजवतात, मग बडवून बडवून काथ्या सुटतो." एवढं ऐकल्यावर त्यावर चपलेचा चिखल पुसायचा धीर होत नाही. मी तो आधीच खाली जिन्यात पुसून येतो. पुढे बुचाचं स्टूल. हे पोर्तुगालचं. तिथे बुचाच्या ओकाला पहिली पंचवीसेक वर्षं हात लावत नाहीत. मग साल सोलतात, झाड तसंच जिवंत राहतं. पुन्हा नऊ वर्षं थांबायचं. सोललेल्या खोडावर त्या सालाचा शेवटचा आकडा रंगवून ठेवतात, म्हणजे पुढची पाळी केव्हा ते कळतं. पद्धत खरोखर सुंदर आहे. पोर्तुगालहून बाणेरपर्यंत ते स्टूल कसं आलं, हे मात्र मी विचारलं नाही. चहा अजून यायचा होता.

हॉलच्या भिंतींना गाईच्या शेणापासून केलेला रंग आहे. खादी ग्रामोद्योग आयोगाचा हा रंग जानेवारी २०२१ मध्ये नितीन गडकरींच्या हस्ते बाजारात आला आणि त्याच वर्षीच्या दिवाळीला तो साडूंच्या भिंतीवर होता. वास अजिबात येत नाही, साडू सांगेपर्यंत. सांगितल्यावर पाहुणा हातातलं बिस्किट बशीत ठेवतो आणि नाक न हलवता श्वास घेऊन बघतो. टीपॉयवर सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेली लाकडी फळं मांडलेली असतात. पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणि रंग असे हुबेहूब, की मधुमेह असलेल्या आमच्या सासऱ्यांनी सगळ्यांची नजर चुकवून त्यातला चिकू उचलला होता. तो तसाच परत ठेवताना त्यांचा चेहरा मी पाहिला. मी कुणाला सांगितलं नाही. साडूंच्या घरातली हीच एक वस्तू मला मनापासून आवडते.

पण साडूंचा खरा जीव बांबूत. बांबूचा सोफा, बांबूचा दिवा, बांबूचा दात घासायचा ब्रश. "बांबू झाड नाही, गवत आहे," हे वाक्य त्यांच्याकडे पाण्याच्या पेल्याबरोबर येतं. १९२७ च्या वन कायद्यानं बांबूला झाडांत धरलं होतं, त्यामुळे शेतकऱ्याला स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून न्यायचा तरी परवान्याची कटकट होती. २०१७ साली कायदा दुरुस्त झाला आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू झाडांच्या यादीतून निघाला. सरकारला जे उमगायला नव्वद वर्षं लागली, ते साडूंना एका ऑनलाइन व्याख्यानात उमगलं आणि त्यांनी व्याख्यान संपायच्या आत सोफ्याची ऑर्डर दिली.

सोफा देखणा होता. पावसाळा संपता संपता रोज सकाळी त्याच्याखाली पिवळसर पिठी पडू लागली. मेहुणीला आधी वाटलं, चिरंजीवांनी बेसन सांडलं. रात्री सगळं शांत झालं की सोफा बारीक कुरकुरायचा. आता बांबूत पिष्ट असतं आणि ते खायला भुंगेरे येतात, हे बांबूत हात घातलेल्या कुणालाही ठाऊक असतं. म्हणून जाणते लोक तोडलेला बांबू वाहत्या पाण्यात भिजत टाकतात, नाहीतर बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यातून काढतात. सोफेवाल्यानं दोन्ही केलेलं नव्हतं. त्याचा दोष नाही. 'शंभर टक्के रसायनमुक्त' ही अट साडूंचीच होती आणि ती त्यानं शब्दशः पाळली होती.

मी बुरूड आळीत ओळखीच्या एकाला विचारलं. तो म्हणाला, "बांबू सुटा असता तर पाण्यात टाकला असता. आता सोफा कुठल्या नदीत बुडवता?" हे मी साडूंना गंमत म्हणून सांगितलं. ते गंभीर झाले. त्या संध्याकाळी त्यांनी सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती सेक्रेटरींनी टिपली असावी, कारण दुसऱ्याच दिवशी तिथे फलक लागला: 'तलावात फर्निचर आणू नये.' शेवटी बोरिकचं पाणी फवारायचं ठरलं. पडदे ओढून, रात्री साडेदहाला. फवाऱ्याचं काम आमच्या घरातल्या रंगपंचमीच्या पिचकारीनं केलं. पिचकारी प्लास्टिकची होती. ती मीच धरली, साडू पाठ करून उभे होते.

आता या सगळ्यात एक प्रश्न राहतो. बांबूचा सोफा आला, तेव्हा आधीचा सोफा कुठे गेला?

आमच्याकडे.

प्लास्टिकच्या खुर्च्या आमच्याकडे. पॉलिएस्टरचे पडदे आमच्याकडे. मेलामाइनच्या ताटल्या, नॉनस्टिकचे तवे, ॲक्रिलिकचा गालिचा, सगळं सिंहगड रोडला आमच्या दोन खोल्यांत सुखानं नांदतंय. प्लायवूडच्या कपाटातून फॉर्मॅल्डिहाइड सुटतो म्हणून ते कपाटही आलं. हा वायू मुख्यतः पहिल्या काही वर्षांत सुटतो, म्हणजे सुटायचा तो बाणेरला सुटून गेला आणि कपाट आमच्याकडे निर्मळ होऊन आलं. घरासाठी काही विकत घ्यायची आम्हाला सवयच राहिलेली नाही. मी विषय काढला की बायको म्हणते, "थांबा हो जरा. त्यांचं अजून तिकडे लक्ष गेलेलं नाही." सध्या मिक्सरकडे त्यांचं लक्ष केव्हा जातं याची आम्ही वाट पाहतोय.

माझी मुलगी कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकते. तिचं म्हणणं, आपल्या नात्यागोत्यात सगळ्यांत पर्यावरणपूरक घर आपलंच, कारण इथे नवीन काहीच येत नाही. यात आमचं कर्तृत्व काही नाही हेही ती लगेच सांगते. तिनंच एकदा जेवताना साडूंना पिशव्यांचा हिशोब ऐकवला. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ मध्ये तो मांडला होता: सेंद्रिय कापसाच्या पिशवीचा सगळा बोजा साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला आणायचा, तर ती २०,००० वेळा वापरायला हवी. रोज एकदा म्हटलं तर चोपन्न वर्षांहून जास्त. साडू अडाणी नाहीत. त्यांनी घास गिळून ताबडतोब दुरुस्ती केली, "फक्त हवामानापुरतं बघितलं तर १४९ वेळा पुरे." आकडा बरोबर होता. अडचण एवढीच, की साडूंकडे अशा पिशव्यांचा अख्खा पेटारा आहे, वेताचा. प्रत्येक प्रदर्शनातून एक तरी येते. त्याच वेळी मेहुणीनं कोथिंबीर आणायला पिशवी मागितली आणि साडूंनी सवयीनं वरची कोरी काढून दिली.

त्यांच्या इमारतीतला कचरा न्यायला 'स्वच्छ'च्या ताई येतात. त्यांना साडूंबद्दल फार आदर आहे. "आठव्या मजल्यावरनं लय पुठ्ठा येतो," असं त्या कौतुकानं सांगतात. पर्यावरणपूरक वस्तू खोक्यात येते, खोकं मोठ्या खोक्यात येतं आणि मधे कागदाची जाळी भरलेली असते.

खेळण्यांच्या बाबतीत मात्र साडूंची चेष्टा करताना मी जरा सांभाळून असतो, कारण तिथे त्यांचं बरंच खरं असतं. लहान मूल खेळणं बघत नाही, चाटतं. रंगातलं शिसं पोटात जातं आणि ते मेंदूला बाधतं, हे डॉक्टर कधीचे सांगतायत. घरगुती रंगांत शिसं दर दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे लागू व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडलं. खेळण्यांना आयएसआय चिन्हाची सक्ती तर १ जानेवारी २०२१ पासूनची. त्याआधी आपण सगळे काय चाटून मोठे झालो कोण जाणे. माझ्या बऱ्याच मित्रांकडे पाहून याचा अंदाज येतो.

म्हणून चिरंजीवांना दात येऊ लागताच साडू सहकुटुंब थेट चन्नपट्टणला गेले, बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर. तिथे आले मर नावाच्या झाडाचं दुधी, मऊ लाकूड चरकावर धरतात आणि फिरत्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून बसते. मग केवड्याच्या पात्यानं घासलं की चकाकी येते. पिवळा हळदीचा, निळा निळीचा. साडूंनी याचं चित्रीकरण करून आणलं आणि एका वर्षी पाडव्याला आम्हा सगळ्यांना दाखवलं. त्यात कारागीर थोडा वेळ दिसतो आणि साडू बराच वेळ. पण खुळखुळे उत्तम होते. चिरंजीवांनी ते दीडेक वर्ष यथेच्छ चावले आणि त्यांना काही झालं नाही.

मग चिरंजीव चालू लागले, रस्त्यावर आले आणि त्यांना जेसीबी दिसला.

पुण्यात रस्ता म्हटला की खोदकाम आलंच, त्यामुळे यात कुणाचा दोष नाही. पिवळा, दात असलेला, माती उचलून दुसरीकडे टाकणारा तो प्राणी पाहिल्यापासून मुलाला दुसरं काही दिसेना. साडूंचा सिद्धान्त असा, की खेळण्यानं जितकं कमी करावं तितकं मूल जास्त करतं. त्यांनी सुताराकडून जेसीबी करून घेतला. बिनरंगाचा, कडा घासलेला, जवसाच्या तेलात न्हालेला. त्याचा पंजा हलत नव्हता. "पंजा त्याच्या कल्पनेत हलेल," साडू म्हणाले. चिरंजीवांनी तो उलटापालटा केला आणि त्यावर बसून पोळी खाल्ली.

मेहुणीच्या आग्रहाखातर साडू तुळशीबागेत गेले. मी बरोबर होतो, कारण अशा प्रसंगी कुणीतरी मोठं माणूस लागतं. साडूंनी एक लाकडी गाडी उचलून विचारलं, "हा रंग कशाचा आहे?"

दुकानदार म्हणाला, "लाल."

"तसं नाही. कशापासून केलाय?"

"मी नाही केला."

"यावर आयएसआय चिन्ह आहे का?"

दुकानदारानं मागच्या फळीवरून प्लास्टिकचा पिवळाधमक जेसीबी काढला आणि खोक्यावरचं चिन्ह बोटानं दाखवलं. साडू म्हणाले, "लाकडाच्यात नाही का?" आणि स्वतःच खुलासा करू लागले, की हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांच्या हातच्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुम्हाला सगळं माहितीय, तर विचारताय कशाला? गिऱ्हाईकं थांबलीत."

जेसीबी मी घेतला. आमच्या घरी ठेवायला.

तेव्हापासून दर रविवारी चिरंजीवांना मावशीची अनावर आठवण येते. आल्या आल्या ते आमच्या पलंगाखाली शिरतात. तिथल्या टबात त्यांची आजवर हद्दपार झालेली सगळी खेळणी असतात: बॅटरीची आगगाडी, किंचाळणारं बदक, कुणीतरी वाढदिवसाला दिलेले प्लास्टिकचे ठोकळे. घरी फळीवर मांडलेल्या लाकडी खेळण्यांची धूळ मेहुणी शनिवारी पुसते. मावशीकडे मुलाची कल्पनाशक्ती इतकी कशी फुलते, याचं साडूंना आश्चर्य वाटतं. ते म्हणतात, "निसर्गाच्या सान्निध्याचा परिणाम." आमच्या खिडकीतून मुठा कालवा दिसतो.

आणि साडू स्वतः? बांबूवर कणा ताठ राहतो, असं त्यांचं मत आहे. आठवडाभर ताठ ठेवलेला तो कणा घेऊन ते रविवारी आमच्याकडे येतात, फोमच्या जुन्या सोफ्यावर बसतात, हळूहळू त्यात उतरत जातात आणि पेट्रोलियमजन्य पदार्थांवर बोलता बोलता झोपतात. घोरण्याचा आवाज जेसीबीत मिसळतो. त्यांच्या अंगावर बायको गोधडी घालते. ही सासूबाईंची. साडूंनी त्यांना सेंद्रिय कापसाचं कोरं कापड आणून दिलं होतं. कोऱ्या कापडाची कसली गोधडी, म्हणून सासूबाईंनी ते परत केलं आणि साडूंच्या कपाटातले कंपनीचे जुने सुती टी-शर्ट कापले. त्यामुळे छातीवर 'टीम आउटिंग २०१६' आणि पायाशी 'वी डिलिव्हर' असं पांघरून साडू झोपलेले असतात. ही एक वस्तू मात्र ते परत घरी न्यायला तयार आहेत. आम्ही देत नाही.

त्यांच्या एवढ्या खरेदीत एकच वस्तू अशी आली, जिच्यापुढे मी गप्प झालो. कोरेगाव पार्कातल्या एका दालनातून त्यांनी जुन्या सागवानाचं लांबट मेज आणलं. नवं झाड न तोडता, पाडलेल्या इमारतींच्या लाकडातून घडवलेलं. किंमत मेहुणीला अजून माहीत नाही. वास्तविक साडूंचा स्वतःचा पेठेतला वाडा काही वर्षांपूर्वीच बिल्डरला गेला. तुळया, कडीपाट, खांब, चौकटी, सगळं जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं टेम्पोत भरून नेलं आणि त्या दिवशी साडूंना मीटिंग होती.

मेज पाहायला त्यांच्या आई आल्या. त्यांनी चष्मा लावला नाही, नुसता कडेवरून हात फिरवला. एका खाचेपाशी हात थांबला. "ही माजघराची चौकट," त्या म्हणाल्या. खाचेशेजारी चाकूनं मारलेल्या बारीक आडव्या रेघा होत्या, एकावर एक. "ही तुझी तिसरीतली उंची. आणि इथे पाचवीत कपाळ फोडून घेतलंस, टाके पडले होते." साडूंनी नकळत कपाळावर हात नेला. दोन चौकटींच्या रेघा सारख्या असू शकतात, आईचंही वय झालंय, हे सगळं मी मनात म्हणून घेतलं. मग त्या खुर्चीत बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "दिलं तेव्हा घनफुटावर गेलं. घेतलंस इंचावर."

दुसरा कुणी असता तर खजील झाला असता. साडूंचा चेहरा उजळला. "बघितलंत साडूभाऊ? चक्र पूर्ण झालं! वस्तू फिरत राहिली पाहिजे." आणि त्यांनी लगेच चिरंजीवांना मेजाशेजारी उभं करायचा प्रयत्न केला. मेज आडवं असल्यामुळे उंची मोजता आली नाही, म्हणून मुलाला जमिनीवर झोपवलं. त्यांच्या आईंनीच चाकू आणून दिला.

असा माणूस आवडल्याशिवाय राहत नाही. उद्या त्यांनी प्लास्टिक पुन्हा जवळ केलं, तर पंचाईत आमची होईल. आम्ही सामान ठेवायचं कुठे?

जागेचा हा प्रश्न आताच उभा राहिलाय, म्हणून वाचकांना एक विनंती. साडूंनी नवी गादी घेतली आहे, काथ्या आणि नैसर्गिक रबराची. त्यामुळे जुनी मोकळी झाली: फोमची, सहा बाय सहा, डाग नाही, खड्डा नाही, वापर माफक. आमच्याकडे आता उभी ठेवायलाही भिंत उरलेली नाही. ज्यांना हवी असेल त्यांनी खुशाल न्यावी. पैसे पडणार नाहीत, टेम्पो आपला आणावा. न्यायला गेल्यावर नव्या गादीवर टेकू नये. टेकलात तर केरळातल्या रबराच्या झाडाला सकाळी चीक काढायला कधी जातात इथपासून सुरुवात होते आणि टेम्पोचं वेटिंग चढतं. रविवारी जाणार असाल तर दहाच्या आत जा. त्यानंतर ते सगळे आमच्याकडे असतात.